उरानोतली पाहुणी

उरानो, २२ ऑक्टोबर

मिसाओसान,

इकडे सकाळी तांदूळ धुताना बोटं गारठायला लागली आहेत. तुमच्या कुशिरोला तर एव्हाना जाड कपडे निघाले असतील.

आपली ओळख नाही. मी नागातोमी हिसानो. इवामीच्या किनाऱ्यावर उरानो गावात आमचं चार खोल्यांचं उतारूघर आहे. तुमच्या आई, तोमोएबाई, शेवटी आमच्याकडे उतरल्या होत्या. गावकचेरीतून तुम्हाला फोन आला तेव्हा सगळं कळलं असेलच, पण कचेरीतली माणसं कचेरीसारखंच बोलतात, म्हणून मी वेगळं लिहिते आहे.

कारकून म्हणाला, तुम्ही नर्स आहात, ड्यूटी सोडून निघता येत नाही, आणि काय करायचं ते तिथेच उरकून घ्या असं तुम्ही सांगितलंत. तसं केलं. दहनाला मी आणि माझा नवरा तात्सुझो, दोघंच होतो. नंतर काड्यांनी अस्थी वेचायची वेळ आली तेव्हा तिथला माणूस म्हणाला, "नात्यातलं कोण?" आमचे हे पुढे होऊन म्हणाले, "मी आहे." कुठल्या नात्याने ते त्याने विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. परक्यांनी हात लावला म्हणून तुम्हाला वाईट वाटेल, कळतं मला. पण त्या तशाच सोडून घरी येऊन मला चूल पेटवता आली नसती.

अस्थींची पेटी गावच्या मठात ठेवली आहे. मठाधिपती रोज सकाळी त्यांचं नाव घेऊन पाठ म्हणतात. आमच्या मठाधिपतींचा आवाज बेसूर आहे, पण ते कधी चुकवत नाहीत.

बॅग कुरिअरने पाठवली आहे. कपडे मी धुऊन आत ठेवलेत. नाटकाला नेतात तसली छोटी दुर्बीण आहे, ती स्वेटरात गुंडाळली आहे, सांभाळून उघडा.

त्यांना त्रास झाला नाही. क्षणात झालं. हे मी समजूत घालायला लिहीत नाही, मी शेजारी होते.

तुम्ही याल तेव्हा समुद्राकडची खोली तुमच्यासाठी मोकळी करून ठेवीन.

हिसानो


उरानो, १४ नोव्हेंबर

मिसाओसान,

समुद्री शेवाळाचा खोका पोचला. एवढं जाड शेवाळ इकडे मिळत नाही. यांनी वास घेऊनच सांगितलं, "हा उत्तरेचा माल." तुम्ही सोबत चार ओळीच लिहिल्यात. आई तिथे काय करत होती, आणि शेवटच्या दिवशी नेमकं काय झालं. त्या दोन प्रश्नांची उत्तरं मला देता येतात, म्हणून लगेच बसले.

त्या एकट्याच हिंडत होत्या. आधी सादो बेटावर जाऊन तिथल्या शेतकऱ्यांचं मुखवट्यांचं 'नो' नाटक पाहिलं, मग आवाजी बेटावर बाहुल्यांचा खेळ, आणि सगळ्यात शेवटी आमच्याकडचा कागुरा, देवळातला मुखवटे घालून नाचायचा खेळ. मला म्हणाल्या, "जन्मभर शेतकरी संघाच्या कचेरीत बसून तांदळाच्या पोत्यांचे हिशेब केले हो. हे सगळं टीव्हीवर बघायचे, आणि मधेच कुणीतरी बातम्या लावायचं." आल्या दिवसापासून त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातच मुक्काम ठोकला. पाहुण्यांनी आत येऊ नये असं मी म्हणते, त्यांना म्हणवलं नाही. मुळ्याचे काप माझ्यापेक्षा बारीक करायच्या आणि वर मलाच विचारायच्या, "चालेल ना?"

आमच्या देवळाचा उत्सव पूर्वी रात्रभर चालायचा. आता नाचणारेच सत्तरीला आले, म्हणून सकाळी सुरू करून दुपारपर्यंत आटोपतो. त्यांची गाडी दुपारची होती. मी म्हटलं, "शेवटचा खेळ बघून आरामात पोचाल."

सकाळी त्यांनी पेज घेतली. मासा भाजला होता, त्याला हात लावला नाही. "परतीच्या प्रवासात पोट जड नको," म्हणाल्या. देवळापर्यंत पायऱ्या आहेत, तिथे दोनदा बसल्या. दुसऱ्यांदा बसल्या तेव्हा मी म्हटलं, "राहू दे, इथूनच ढोल ऐकू." त्यावर असं काही बघितलं त्यांनी माझ्याकडे की मी पुढे चालू लागले.

शेवटचा खेळ आठ तोंडांच्या सापाचा असतो. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या लेकी सापाने एकेक करून गिळल्या आहेत, धाकटी तेवढी उरली आहे, आणि आता तिची पाळी. पुढे देव येतो, सापाला दारू पाजून मारतो, ते तुम्हाला ठाऊकच असेल. तो म्हातारा बाप गेली कित्येक वर्षं आमचे हे करतात. मुखवटा घातला की बाहेरून रडणं दिसत नाही, तेव्हा खांदे हलवून रडावं लागतं. यांचे खांदे दुखतात आताशा. तर प्रेक्षकांतून इसोमुरा ओरडला (हा आमचा टॅक्सीवाला, बालपणापासूनचा वैरी आणि दोस्त), "अरे तात्सुझो, नीट रड की! बायकोने दारू लपवली तेव्हा रडलास तसा रड!"

आणि हे मुखवट्याच्या आतून, बापाच्याच आवाजात, "लपवते ती, पण मला सापडते रे! तिच्यासाठी कशाला रडू!"

सगळं देऊळ हसलं. तोमोएबाई इतक्या हसल्या की माझा दंड धरला. हसताहसता त्यांचे डोळे वाहत होते. मला वाटलं, हसण्याचंच पाणी.

खेळ संपल्यावर त्या पडद्यामागे गेल्या, यांना भेटायला. बराच वेळ होत्या. मी नंतर यांना विचारलं, काय बोललात, तर म्हणाले, "चहा प्यायलो."

घरी आलो. बॅग आधीच भरलेली होती. त्यांनी खोलीतली गादी स्वतः घडी घातली, उशीची खोळ काढून ठेवली. मी रागावले, "अहो, मग मी कशाला आहे इथे?" तर म्हणाल्या, "सवय हो." मग दाराशी पायरीवर बसून बूट घालायला लागल्या. इसोमुराची टॅक्सी येऊन थांबलेली होती. मी वाटेतल्या खाण्याचा डबा रुमालात बांधत होते. एक बूट घालून झाला होता. दुसऱ्याची नाडी सोडता सोडता त्या म्हणाल्या, "हिसानोसान, जरा..." आणि माझ्या बाजूला कलंडल्या. मला वाटलं तोल गेला. मी हसूनच धरलं त्यांना. मग कळलं.

इसोमुराने त्याच टॅक्सीत डॉक्टर आणला. तो येईपर्यंत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बाहेर देवळातून लोक परतत होते, ढोलवाले दारू पिऊन गात होते, आणि मी कुणाला हाक मारली नाही.  एवढ्यातच इतकी माणसं आत शिरली असती, ते नको वाटलं.

असा तो दिवस. थंडी सांभाळा. रात्रपाळी असेल तर खाऊन जात जा.

हिसानो


उरानो, ३ डिसेंबर

मिसाओसान,

तुमचं पत्र काल आलं. मी ते यांनाही वाचून दाखवलं. आमच्यात पत्रं मोठ्याने वाचायची पद्धत आहे, यांना चष्मा सापडत नाही म्हणून. रागावू नका.

तुम्ही रागावलेल्याच आहात म्हणा. मृत्यूचा दाखला तुम्ही मागवून घेतलात, आणि त्यात स्वादुपिंडाचा कर्करोग लिहिलेला तुम्हाला दिसला. मी पहिल्या पत्रात तो शब्द लिहिला नाही. तुम्ही विचारता, मला ठाऊक होतं का. आणि होतं तर एक फोन का केला नाही.

डॉक्टरने नाव घेतलं ते नंतर. पण काहीतरी आहे हे मला पहिल्याच संध्याकाळी न्हाणीघरात कळलं होतं. किमोनोचा पट्टा त्यांच्या कमरेला केवढे वेढे घेत होता ते मी पाहिलं. बरगड्या मोजाव्यात असं अंग. त्यांनी माझं बघणं बघितलं आणि म्हणाल्या, "प्रवासात बारीक व्हायला होतं, नाही?" मी म्हटलं, "हो ना." उतारूघर चालवणाऱ्या बाईला याच्यापुढे विचारता येत नाही. माणूस ज्या नावाने येईल त्या नावाने त्याला हाक मारायची, जे दुखणं सांगेल तेच त्याला आहे असं धरायचं. तरी दुसऱ्या दिवशी मी विचारलंच, "घरी कुणाला कळवायचं आहे का? आमचा फोन आहे." त्यांनी नाही म्हणून मान हलवली. फोन कुणाला करायचा, मला नंबरही ठाऊक नव्हता. नंबर कचेरीने शोधला, त्या गेल्यावर.

तुमच्या वडिलांच्या शेवटच्या आजाराचं तुम्ही लिहिलंत तेही वाचलं. तुमच्या पोटात मूल होतं, आधीचं गेलेलं, म्हणून तिला सांगू नकोस असं वडील आईला म्हणाले, आणि आईने ते ऐकलं. तुम्ही पोचलात तेव्हा तुमच्या हातात अस्थींची पेटी दिली. "तेव्हाही मी नर्सच होते," असं तुम्ही लिहिलंत. "रोज परक्यांचे पाय चेपत होते, आणि बापाचे पाय मला शेवटी दिसले नाहीत. आता तिने पुन्हा तेच केलं." मिसाओसान, मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, ते मला माहीत नाही.

शेवटचा प्रश्न तुम्ही पानाच्या कडेला उभा लिहिला आहे. तो टाळावा असं कालपासून वाटत होतं. आईने माझं नाव घेतलं का.

माझ्याशी बोलताना नाही घेतलं.

एकदा मुळा चिरताना मी म्हटलं होतं, "आम्हाला मूलबाळ नाही. हे घर आमच्यानंतर बंदच पडायचं." त्यावर त्या म्हणाल्या, "मलाही कुणी नाही." एवढंच. मग मुळ्याचं पाणी पिळून काढलं आणि कुठल्या तरी नाटकाचं बोलत बसल्या. मला म्हणता येईल की त्यांनी माझं मन राखायला तसं म्हटलं. निपुत्रिक बाईपुढे आपल्या लेकीचं कौतुक कशाला, असा विचार करणारी बाई होती ती, असंही म्हणता येईल. पण मला खरंच ठाऊक नाही, आणि तुम्हाला गोड करून काही पाठवायचं नाही असं मी ठरवलं आहे. तुमच्या आयुष्यात लोकांनी तुमच्या भल्यासाठी पुष्कळ लपवलं आहे.

हे इथवरचं वाचून दाखवल्यावर आमचे हे उठून दाराशी गेले, समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "टाक टपालात."

त्या गेल्याला एकोणपन्नासावा दिवस, अस्थी पुरायचा, या आठवड्यात येतो. मठाधिपती म्हणतात, घरचं कुणी आलं तर ठीक, नाहीतर पेटी वसंतापर्यंत सांभाळू, घाई नाही. त्या दिवशी मी लाल डाळीचा भात करीन आणि मठात नेईन. माझ्या हातचं त्यांना आवडायचं असं नाही, खायच्याच कुठे. पण नेईन.

हिसानो


उरानो, २० फेब्रुवारी

मिसाओ,

तुला आता तू म्हणते. वयाने मी तुझ्या आईच्या बरोबरीची आहे, आणि आज रागावले आहे, राग तुम्ही-आम्हीत बसत नाही.

तू काल येऊन गेलीस. मठाधिपतींच्या बायकोने संध्याकाळी येऊन सांगितलं. बर्फ पडत होता, तू दुपारच्या गाडीने आलीस, मठात गेलीस, कागदावर सही केलीस, पेटी घेतलीस आणि त्याच टॅक्सीने परत गेलीस. आमचं दार मठापासून दिसतं. खोलीत मी रोज शेगडी पेटवत होते, थंडीत गादी ओली होते म्हणून. काल सुद्धा पेटवलेली होती.

मी चिडून भांडी आपटत होते. "एवढी हजार मैलांवरून आली आणि घोटभर चहाला थांबली नाही! मी हिच्या आईला मांडीवर घेतलं होतं!" आमचे हे शेगडीपाशी जाळं विणत बसले होते. म्हणाले, "तुझ्या त्या पत्रानंतर ती कशाला येईल इथे? मलाही कुणी नाही, असं लिहून पाठवलंस."

"खरं तेच लिहिलं! तुम्हीच म्हणालात टपालात टाक!"

"खरं होतं ते. पण सगळं नव्हतं."

मिसाओ, हा माणूस माझ्याबरोबर जन्मभर एका ताटात जेवला आहे, आणि ऑक्टोबरपासून ही गोष्ट पोटात घेऊन बसला होता. मी म्हटलं, "तोंड शिवलं होतं का?" तर म्हणतो, "त्यांनी शब्द घेतला होता माझ्याकडून. म्हणाल्या, बायकोला तर मुळीच सांगू नका, ती बाई चांगली आहे, लगेच फोन करेल." हे ऐकून मला हसू की रडू असं झालं. ओळखलं होतं त्यांनी मला.

तर पडद्यामागे काय झालं ते यांनी सांगितलं तसं लिहिते. यांना गोष्ट सांगता येत नाही, पण बोललेलं शब्दन् शब्द पाठ राहतं, नाटकाची सवय.

हे मुखवटा काढून घाम पुसत होते. तुझी आई येऊन शेजारी बसली. तिने विचारलं, "साप मेल्यावर त्या म्हाताऱ्या-म्हातारीचं काय होतं हो?" हे म्हणाले, "काही नाही. त्यांचं काम तिथेच संपतं. आम्ही इकडे येऊन चहा पितो." मग दोघांनी चहा घेतला.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला एक मुलगी आहे. कुशिरोला असते. नर्स आहे."

हे म्हणाले, "मग बोलवा की तिला. तुमची तब्येत काही ठीक दिसत नाही." आमचा माणूस असाच, ज्याला हात लावू नये तिथेच बोट ठेवतो.

ती म्हणाली, "बोलावलं की ती येईल. तीच तर भीती आहे. हातातलं टाकून येईल, माझ्या उशाशी बसेल, अंग पुसेल, औषधं देईल. तिला दुसरं काही येतच नाही. आणि माझ्यावर ती अजून रागावलेली आहे, रागवायलाच हवं तिने. पण आजारी आईशी भांडता येत नाही ना हो. तो राग तिला गिळावा लागेल, आणि मी मेल्यावर तो तसाच तिच्या आत राहील. तिच्या बापाच्या वेळी मी तिच्याकडून रडणं काढून घेतलं. आता भांडणही काढून घेऊ?"

हे म्हणाले, "मग एकदा तुम्हीच जाऊन भांडून या."

"तेच ठरवलंय," ती म्हणाली. "आजची गाडी घरची नाही, विमानतळाकडची आहे. म्हटलं, अजून चालता येतंय तोवर, पावडर-बिवडर लावून, धडधाकट दिसेन असं तिच्या दारात उभं राहावं. म्हणावं, घाल शिव्या."

अजून चढवतं का ते ती त्या पायऱ्यांवर पारखत होती, म्हणून माझ्यावर तसे डोळे वटारले. म्हणून बॅग आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. आम्ही समजत होतो प्रवास संपला.

हे सगळं मला तुझ्या तोंडावर सांगायचं होतं, शेगडीपाशी बसवून. पण यांनी सांगितलं तेव्हा तुझी गाडी कधीच निघून गेली होती. मी यांच्याशी रात्री बोलले नाही. आज सकाळी हे स्वतः उठून मठात जाऊन बसले, बेसूर पाठ ऐकून आले, तेव्हा चहा दिला.

पत्र इथवर लिहून झालं होतं, तेवढ्यात इसोमुरा आला. टॅक्सी धुवायला आमच्या नळाचं गरम पाणी लागतं त्याला. मी त्यालाही झापलं, "तिला आमच्याकडे वळवलं का नाहीस?" त्याने बादली खाली ठेवली. 

मग म्हणाला, "हिसानो, ती बाई पूर्ण रस्ता भांडत होती गं. मांडीवर पेटी घेऊन. मला आधी वाटलं फोनवर बोलतेय. 'कुणी सांगितलं होतं तुला एवढ्या थंडीत भटकायला? औषधं कुठली घेत होतीस? कुणाला दाखवलंस? मी काय मेले होते?' असं मोठमोठ्याने. पार बोगद्यातसुद्धा. मी रेडिओ बंद केला, काच चढवली, आणि लांबच्या रस्त्याने नेलं तिला. गाडी चुकली असती तरी चाललं असतं."

"मग?"

"मग स्टेशन आलं. गप्प झाली. नाक पुसलं. मी छत्री धरली. बर्फाने फलाटाची पायरी दिसत नव्हती. ती थांबली, पेटी नीट छातीशी धरली, आणि तिला म्हणाली, 'चल आई. इथे पायरी आहे, सांभाळून.'"

हिसानो